सिबेसोने मोजलेले पूर

माझा दीर सिबेसो माती खातो. हे मी चेष्टेने म्हणत नाही. खणताना नवा थर लागला की तो चिमूटभर माती पुढच्या दातांत धरतो आणि डोळे मिटून चावतो. बारीक कचकच झाली तर पोयटा, गुळगुळीत फिरली तर चिकणमाती, आणि दात शिवशिवले तर वाळू. लग्न होऊन या घरी आले तेव्हा हा प्रकार पाहून मी सासूबाईंना विचारलं होतं, "यांना जेवायला देत नाही का तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या, "देते गं. पण त्याला तोंडी लावायला हेच लागतं."

तेव्हा तो विशीतला होता, आता सत्तरीला टेकलाय. मधली सगळी वर्षं त्याने कालवे उपसण्यात घालवली. आमच्या या झांबेझीच्या सपाटीवर चार महिने पाणी असतं आणि आठ महिने गवत. पूर ओसरला की कालवे गाळाने बुजतात आणि माणसं लावून ते मोकळे करावे लागतात, नाहीतर नावा चालत नाहीत. सिबेसो कमरेएवढ्या चिखलात उभा आणि नाकासमोर काठाची कापलेली बाजू, असं त्याचं आयुष्य गेलं. बाकीच्यांना तिथे चिखल दिसायचा, याला बखर दिसायची.

"वहिनी, हे बघा," असं म्हणत तो एकदा मला भर उन्हात कालव्यात उतरवून घेऊन गेला होता. "ही पांढरी जाड वाळू. इथून नदीचा मोठा प्रवाह वाहत होता. त्यावर ही काळी चिकट माती, बोरूच्या मुळ्यांची. म्हणजे नदी सरकली आणि मागे डोह राहिला. मग ही तांबूस ठिपक्यांची, म्हणजे डोह भरला, गवत आलं, गुरं चरायला लागली. आणि ही बोटभर राख आणि माशांचे काटे. कोणीतरी जेवून गेलंय." लोक कोणाची मुलगी कोणाकडे दिली ते जसं सांगतात, तसं तो नदी कुठे होती, कुठे गेली आणि ती गेल्यावर कोण राहायला आलं ते सांगायचा. माझे यजमान हसायचे. मीही हसायचे, कारण तोवर त्या मातीवर माझं काही अडलेलं नव्हतं.

यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी आणि माझ्या दोन मुली, थोरली लिकांदो आणि धाकटी म्विया, नालुमेवरच राहिलो. नालुमे हे आमचं टेकाड. पूर आला की सपाटी बुडते आणि अशी टेकाडं तेवढी वर राहतात. बुटक्या टेकाडावरची माणसं पाणी चढायला लागलं की नावेत सामान भरून काठावरच्या वाळूच्या गावांत जातात. नालुमे उंच. आम्ही सगळ्यांच्या शेवटी निघतो आणि सगळ्यांच्या आधी परततो. काही वर्षी तर निघतच नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांचं शेण त्या मातीत मुरलेलं, त्यामुळे मका माणसाच्या डोक्यावर जातो. अशा जागेवर लोकांचा डोळा असणारच.

तो होता अकापेल्वाचा. शेजारच्या बुटक्या टेकाडावर राहणारा हा गृहस्थ नुसता खाकरला तरी भाषण करतोय असं वाटतं. एका कोरड्या हंगामाच्या शेवटी शेवटी तो इंदुनांकडे गेला. इंदुना म्हणजे राजाने आमच्या भागावर नेमलेले मानकरी, इम्बुवा त्यांचं नाव. न्याय त्यांच्या अंगणातच होतो. अकापेल्वाने गुडघे टेकले, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि बोलला, "नालुमे माझ्या आजोबांनी पाट्या वाहून रचलं. या बाईच्या सासऱ्याला त्यांनी पाहुणा म्हणून बसवलं होतं. आता पाहुणचार पुरे झाला."

आमच्याकडे याला नियम आहे. नदीने घातलेलं टेकाड राजाचं, आणि त्यावर जो राहतो त्याला कोणी उठवत नाही. पण माणसांनी पाट्या टाकून रचलेलं टेकाड त्या माणसांच्या वंशाचं. शंभर वर्षांनी आले आणि 'उठा' म्हणाले तरी उठावं लागतं.

मी म्हणाले, "हे नदीने घातलेलं आहे. याच्या आजोबांनी कधी पाण्याची घागर उचलली नाही, पाट्या काय वाहिल्या असतील!"

लोक हसले, पण इंदुना हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या तोंडाला लागण्यापेक्षा आपण मातीलाच विचारू. सिबेसो खणेल."

अकापेल्वाने लगेच मान डोलावली, याचं मला नवल वाटलं. सिबेसो माझा सख्खा दीर. पण त्याची ख्यातीच तशी होती. मागे एका बड्या अधिकाऱ्याला त्याने तोंडावर सांगितलं होतं की हा कालवा चुकीच्या जागी खणताय, दोन वर्षांत बुजेल. त्यापायी त्याला वर्षभर काम मिळालं नाही. कालवा बुजला दीड वर्षात. असा माणूस माझ्या घरचा, म्हणून मी निर्धास्त होते. चार दिवस तो माझ्या अंगणामागे चर खणत होता आणि मी त्याला मक्याच्या पिठाचा घट्ट बुहोबे, दही आणि तळलेला मासा असं साग्रसंगीत जेवायला घालत होते.

पाचव्या दिवशी इंदुना आपल्या पंचांना घेऊन आले. सिबेसो चरातून वर आला, हात झटकले आणि सांगायला लागला.

"तळाला नदीची वाळू. म्हणजे पाया नदीनेच घातलाय. त्यावर राख, काटे, जाड काठाच्या मडक्यांची खापरं. कोणी जुनी माणसं इथे राहत होती. त्यांच्यावर पुन्हा वाळू, हातभर. आणि तिच्या वर, थेट आपल्या पायांपर्यंत, तीन हात ही ठिगळं. इथे काळी, इथे पिवळी, इथे गवताची मुळं उलटी. नदी माती पसरते, ओतत नाही. ही पाटीपाटीने ओतलीय. हे माणसांनी रचलंय."

अकापेल्वाच्या बायकोने आनंदाने जीभ हलवून आरोळी ठोकली. माझ्या पायांखालची जमीन सरकली. इंदुना म्हणाले की शेवटचा शब्द पुढच्या बैठकीत होईल, पण पूर चढायच्या आत मी दुसरी जागा बघून ठेवावी.

पंच गेल्यावर मी दिराला गाठलं. "भाऊजी, सख्ख्या भावाची चूल उपटलीत तुम्ही."

"वहिनी, मी दिसलं ते सांगितलं."

"मग आता तीच माती खा दोन्ही वेळा. माझ्याकडे जेवायला यायचं कारण नाही."

तो कुदळ खांद्यावर टाकून काठावरच्या आपल्या गावी निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघून मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. तो पाय घसरून पडला असता तर मी हसले असते.

पंधरा दिवस मी धुमसत होते. त्यातच घराची जमीन करायला काढली. घर सोडायचंच असेल तर नवी जमीन कशाला, असं म्विया म्हणाली. मी तिला म्हटलं, अकापेल्वाच्या बायकोला माझी उखडलेली जमीन दिसायला नको. माती आणायला मी पूर्वेच्या डोहाकाठी गेले. तिथे दरवर्षी माती घेऊन घेऊन माझाच एवढा खड्डा झालाय की लिकांदोची शेळी त्यात अडकून बसते. पाटी भरता भरता मी थांबले. एका घराच्या जमिनीपायी एवढा खड्डा. मग तीन हात उंचीच्या आख्ख्या टेकाडापायी केवढा? सपाटीवरच्या प्रत्येक रचलेल्या टेकाडाच्या पायाशी एक डोह असतो, तिथूनच माती उपसलेली असते. नालुमेच्या पायाशी तसलं काही नाही. पूर्वेचा हा लांब वाकडा डोह आहे, पण तो नदीचाच मागे राहिलेला तुकडा, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी पाटी तिथेच टाकली आणि दोन तास चालत सिबेसोच्या घरी गेले. तो जेवत होता. जाऊबाईंनी मला बसायला चटई दिली, पण मी बसले नाही.

"भाऊजी, माती आभाळातून पडली का?"

"अं?"

"अकापेल्वाच्या आजोबांनी तीन हात माती रचली. कुठून आणली? खड्डा कुठाय?"

सिबेसोने तोंडातला घास चावायचा थांबवला. मग डाव्या हाताने कपाळावर अशी चापट मारली की जाऊबाई दचकल्या.

"खड्डा," तो म्हणाला. "खड्डा बघितलाच नाही मी! आजोबांच्या वेळचा असता तर तो अजून उघडा दिसला असता. वहिनी, मातीने मला एवढंच सांगितलं होतं की माणसांनी रचलंय. आजोबांनी रचलंय, हे मातीने नाही, अकापेल्वाने सांगितलं. आणि मी ते तसंच गिळलं. सगळ्या थरांची चव घेतली आणि त्याच्या बोलण्याची नाही घेतली!"

चूक त्याची एकट्याची नव्हती. आमच्याकडे जुनं म्हटलं की ते आजोबांचंच असतं. कालवा जुना, आजोबांनी खणला. झाड जुनं, आजोबांनी लावलं. आजोबांच्या पलीकडे आमचं कोणाचं मोजमाप जात नाही. पंचांना नाही, मला नाही, आणि ज्याला जायला हवं होतं त्याचंही त्या दिवशी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो नालुमेभोवती सकाळपासून चकरा मारत होता. वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस ते. गवत वाळून पिवळं पडलेलं. उत्तरेच्या अंगाला माझे भोपळ्याचे वेल तेवढे हिरवेगार. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, यांना पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही. माझा हात आहे तसा."

"हात नाही. खाली बुजलेला खड्डा आहे."

त्याने माझे भोपळे उपटले. एकूण एक. मी दात खाऊन बघत होते. पहिल्या हातभरानंतर भिंतीत पट्टे दिसायला लागले. फिका, काळा, फिका, काळा, नखाएवढे बारीक, शिंप्याने आखल्यासारखे. "पूर येतो, हा फिका गाळ बसतो," सिबेसो म्हणाला. "पाणी आटतं, शेवाळ आणि पानं कुजतात, तो काळा. एक जोडी म्हणजे एक वर्ष. उघड्या जमिनीवर गुरं तुडवून टाकतात, पण डोहाच्या तळाला कोण जातंय? तिथे सगळं शाबूत राहतं." तो वरून मोजत निघाला. दर दहाव्या जोडीला माशाचा एक काटा खोचायचा. तळाशी पोचायला तीन दिवस लागले. तिथे चिकणमातीत लाकडी खुरप्यांचे व्रण अजून ताजे असल्यासारखे होते, आणि खड्ड्याच्या कडांची माती काळी आणि पिवळी, टेकाडातल्या ठिगळांसारखीच. एकवीस काटे झाले आणि वर सहा जोड्या.

"दोनशे सोळा," तो म्हणाला आणि खाली बसला. मी त्याला पाणी नेऊन दिलं. जेवणही दिलं, पण मासा नाही. भोपळ्यांचा राग होताच.

पुढच्या बैठकीला पंच त्या खड्ड्यापाशी आले. एकेकजण आत उतरून काटे बघून वर आला. अकापेल्वा उतरलाच नाही.

"रेघा आहेत, मान्य," तो म्हणाला. "पण एक रेघ म्हणजे एक वर्ष, हे कोणी ठरवलं? सिबेसोने! वर्षाला तीन पडत असतील. मग झाली सत्तरेक वर्षं, आणि माझे आजोबा त्यात सहज बसतात."

बोलणं बिनतोड होतं. मला त्याची जीभ हासडावीशी वाटली. पण सिबेसो खूश झाला. अशा प्रश्नाची तो वाटच बघत होता. "बरोबर आहे. मला अशा डोहावर न्या, ज्याचं वय तुम्हाला ठाऊक आहे आणि मला नाही. मी मोजतो. चुकलो तर नालुमे याचं."

"भाऊजी!" मी ओरडले. नालुमे काय याच्या खिशात होतं पैजेवर लावायला?

इंदुना म्हणाले, "माझ्या घरामागचा डोह मी आणि माझ्या भावांनी खणलाय. चल."

सगळा जथा तिकडे गेला. सिबेसोने आटलेल्या काठाशी उभा खड्डा घेतला, आत बसला आणि मोजायला लागला. वरून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. बराच वेळ गेला.

"अडतीस," तो आतून म्हणाला.

इंदुना हळूच म्हणाले, "थोरला जन्मला त्या वर्षी खणला. त्याला एकोणचाळीस झाली."

अकापेल्वा हसला. तो हसला की पाणकोंबड्या उडतात. दोन मुली, बावीस गुरं, आणि एका रेघेने सगळं गेलं.

सिबेसो काही वर आला नाही. त्याने चिमूटभर माती दातांत धरली. मग म्हणाला, "तळापासून एकवीस पूर नीट आले. त्यानंतरचा काळा पट्टा दुप्पट जाड आहे आणि त्यात वाऱ्याची धूळ आहे. त्या वर्षी पाणी आलंच नसणार."

इंदुना आठवायला लागले. त्यांना आठवेना. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, असं काय करता! थोरल्याचं लग्न नाही का त्या वर्षी? पाणी नव्हतं म्हणून नवरी नावेतून आणता आली नाही, सपाटीवरून पायी चालत आणली. तिची आई अजून मला टोमणे मारते त्यावरून."

"तेव्हा थोरला बाविशीचा होता," इंदुना म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग सगळ्या पंचांनी वाजवल्या. मी रडत होते आणि हसतही होते, आणि जाऊबाईंना एवढ्या जोरात धरलं होतं की त्यांच्या दंडावर वळ उठले.

"अकापेल्वा," इंदुना म्हणाले, "तुझे आजोबा दोनशे सोळा वर्षांपूर्वी पाट्या वाहत होते का?"

"माझे आजोबा फार वर्षं जगले," अकापेल्वा पुटपुटला. आता मात्र इंदुनाही हसले. निकाल झाला. ज्यांनी रचलं त्यांचा मागमूस नाही, तेव्हा जो राहतो त्याला कोणी उठवायचं नाही.

मी गुडघे टेकायला पुढे झाले, तर सिबेसोने हात वर केला. "माझं सांगून झालेलं नाही. मागच्या वेळी अर्धं सांगून मी चुकलो."

त्याने आम्हा सगळ्यांना परत माझ्या भोपळ्याच्या खड्ड्यापाशी आणलं आणि सगळ्यात वर, मुळांच्या लगेच खाली बोट ठेवलं. "हे शेवटचे तीन पूर. बघा, हा गाळ नाही, वाळू आहे. पांढरी, जाड. वाळू प्रवाहाजवळच पडते, लांब जात नाही. दादा होता तेव्हा नदी इथून अर्ध्या तासावर होती. आता वहिनींच्या अंगणात तिचा आवाज येतो. ती इकडे सरकतेय. चरात त्या जुन्या माणसांच्या राखेवर हीच वाळू आहे, हातभर. ती आली तेव्हा ते चूल तशीच टाकून गेले."

मी विचारलं, "किती वर्षं?"

"टेकाड आहे एवढंच राहिलं तर दहा पूर. मग पाणी घरावरून जाईल. नदी इथे काठ कापत नाहीये, वाळू टाकत वर चढतेय. उंची मिळाली तर टेकाड तरेल. राखेतल्या लोकांनी माती टाकली नाही. त्यांच्यानंतर आले त्यांनी टाकली, आणि दोनशे पूर निघाले."

"आणि माझं?" हे अकापेल्वाने विचारलं. आवाज त्याचा वाटेना.

"तुमचं तीन हात बुटकं आहे."

अकापेल्वा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला काय हौस होती भांडायची? दोन वर्षं झाली, पाणी ओसरताना परत यावं तर चुलीत वाळू असते. बायको दर वर्षी ती उपसते. कोणाला सांगू?"

दोन वर्षं मी त्याच्या दारावरून नाव नेत होते. ती बाई चुलीतून काहीतरी उपसताना मला दिसत होती, आणि मी तोंड फिरवून जात होते. मला लाज वाटली. ती लपवायला म्हणून मी जरा जास्तच जोरात म्हणाले, "तर मग बायकोला घेऊन ये. पाट्या घेऊन या. घरात आहेत तेवढ्या सगळ्या."

कुठून उपसायचं ते सिबेसोने दाखवलं. पावसापर्यंत पाच आठवडे होते. मी, मुली, जाऊबाई, अकापेल्वाचं सगळं घर, मिळून वाहत होतो. सत्तरीचा सिबेसो काठावर बसून प्रत्येक पाटीला नावं ठेवायचा, ही वाळूची आहे, परत न्या. अकापेल्वा चिडायचा. "हा माणूस आधी आमचे आजोबा खातो, आता पाटी परत पाठवतो!" पण न्यायचा परत. पावसाच्या तोंडावर दक्षिणेची बाजू हातभर वर आली होती.

त्या वर्षीचा पूर मोठा होता. अकापेल्वाचं टेकाड फेब्रुवारीतच बुडालं. काठावरच्या गावाला जायचं तर वाऱ्याने खवळलेलं पाणी, आणि नावेत सात माणसं. सकाळी बघते तो त्याची नाव आमच्या टेकाडाच्या कडेला येऊन थांबली होती. बायको, पोरं, कोंबड्या, वासरं, आणि मध्ये उभा अकापेल्वा. नाव टेकली होती, पण तो पाय खाली ठेवत नव्हता.

"लिकांदोच्या आई," तो म्हणाला, "पाणी उतरेपर्यंत राहू का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाट्यांच्या कामापासून आमच्याकडेच मुक्कामाला असलेला सिबेसो पाण्याकाठी बसल्या बसल्या म्हणाला, "कुठल्या मातीला नाव टेकलीय, बघा जरा. ती तुम्हीच वाहून आणलीय. वहिनींना कशाला विचारताय?"

अकापेल्वाने खाली बघितलं. मग तो उतरला आणि बायकोला हात दिला. ती मातीवर उभी राहिली आणि एकदम रडायलाच लागली. मी तिच्या कडेवरचं पोर घेतलं.

"नंतर रड," मी म्हणाले. "आधी चूल कुठे मांडणार ते दाखव."